शनिवारची तीन पत्ती

मला नीटनेटकं लिहायची खोड आहे. शाळेत भित्तिपत्रक माझ्याकडे, कॉलेजात गॅदरिंगचा अहवाल माझ्याकडे, आणि जर्मनीत आल्यावर आमच्या मराठी मंडळाचं चिटणीसपद तर मी न मागताच माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मी ते मिरवलं. ब्राउनश्वाइगपासून गाडीनं अर्ध्या तासावरचं आमचं गाव. मोटारींच्या कारखान्यात, नाहीतर त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांत नोकरी करणारी तीस-पस्तीस मराठी घरं. मंडळ रीतसर नोंदवलेलं होतं, म्हणजे इथल्या भाषेत फेराइन. अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस आणि सतरा कलमांची घटना. ती सतरा कलमं मी तीन रविवार खपून लिहिली होती. माझ्याशिवाय ती कुणी वाचली असतील असं मला वाटत नाही.

काका माझे सख्खे काका नव्हते. गावातल्या सगळ्या मराठी माणसांचे ते काकाच होते. आमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा ते फिटरचं काम शिकायला इथं आले, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथलं नागरिकत्व घेतलं आणि इथंच निवृत्त झाले. पुण्याहून नवा इंजिनिअर आला की त्याला घर शोधून द्यायला, परदेशी नागरिकांच्या कचेरीत घेऊन जायला, थंडीचे बूट कुठं स्वस्त मिळतात ते दाखवायला काकाच जायचे. माझे पहिले बूट त्यांनीच निवडले. मला ते आवडले नव्हते, पण पहिल्या बर्फात आवडले.

काकू जर्मन. पुरणपोळी लाटायच्या, फक्त जरा जाड. युरो आला त्याच्या पुढच्या वसंतात त्या गेल्या. काकांना एकच मुलगी, ती बसनं वीस मिनिटांवर राहायची. नवरा जर्मन, दोन लहान मुलं. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्येच यायचं. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. ‘आल्झो,’ म्हणजे आपलं ‘तर मग’, ‘कान तरी मराठी आहेत ना,’ म्हणायचे.

काकू गेल्यावर सहा-सात महिन्यांनी मी सहज त्यांच्याकडे गेलो. दार उघडलं तेव्हा अंगावर झोपायचा पायजमा होता. दुपारचे चार वाजले होते. हा माणूस आयुष्यभर सकाळी साडेसहाला दाढी करणारा.

‘आज मंगळवार ना रे?’

‘बुधवार आहे काका.’

‘बघ. सोमवारी बेकरीतल्या बाईशी बोललो, त्यानंतर आत्ता तुझ्याशी.’

हसत हसतच म्हणाले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिचे डोळे भरून आले. ‘अहो, त्यांना घराबाहेर काढा. नाहीतर ते असेच जातील,’ ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. काकांना जे काही हवं होतं ते एवढंच होतं, आठवड्यातून एकदा चार माणसं.

म्हणून शनिवारची तीन पत्ती सुरू झाली. नगरपालिकेच्या सभागृहामागे एक छोटी खोली मंडळाला भाड्यानं मिळाली होती. दुपारी तीन ते सहा. मी, अध्यक्ष, खजिनदार, काका आणि जो कोणी येईल तो. काका पावणेतीनलाच हजर. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात कॉर्नफ्लेक्सच्या चिवड्याचा डबा. पत्ते पिसायचे तेही असे, की पहिल्यांदा आलेला माणूस नुसता बघत बसायचा. आणि खेळायचे कायम ब्लाइंड. पत्ते उचलून बघायचेच नाहीत. ‘बघून काय बदलणार आहे? चाल कर!’ असं म्हणून समोरच्याला असा काही पिडायचे की हातात चांगली जोडी असलेला माणूस घाबरून पॅक करायचा. नंतर काकांचे पत्ते उलटून बघावेत तर दुर्री, सत्ती, नव्वी! अध्यक्ष चिडायचे. काका त्यांच्यासमोर चिवडा सरकवायचे.

पैसे लावायचो. पैशांशिवाय तीन पत्ती म्हणजे मिठाशिवाय वरण, हे काकांचं मत आणि आम्हा सगळ्यांचंही. सुरुवात चिल्लरीची असे, पण कुणी इरेला पेटलं की नोटाही पडत. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी तर हमखास. पण सहा वाजता सगळे हसतच उठायचे. वर्ष गेलं, दुसरं गेलं. काकांचा रंग पालटला. शुक्रवारी रात्रीच फोन यायचा, ‘काय सेक्रेटरी, उद्या आहे ना?’ असायचंच. बाहेर बर्फ असो की वर्ल्ड कपचा सामना असो, आम्ही एकही शनिवार चुकवला नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग माझ्यातला लेखक जागा झाला.

नगरपालिका स्थानिक संस्थांना खोलीच्या भाड्यासाठी अनुदान देणार होती. अट एकच, संस्थेनं सगळ्या गावाला दार उघडं ठेवलं पाहिजे. अर्जाबरोबर कार्यक्रमांची माहिती द्यायची होती. दुसरा कुणी असता तर एका कागदावर चार ओळी खरडून मोकळा झाला असता. मी नाही! मी आठ पानांची गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तिका केली. गणपती, कोजागिरी, दिवाळी, प्रत्येकाला अर्धं पान. आणि सहाव्या पानावर तीन पत्ती. माझ्या त्या सुबक जर्मनमध्ये मी जे लिहिलं ते मला आजही तोंडपाठ आहे. हा आमचा पारंपरिक खेळ. याला कौशल्याची मुळीच गरज नाही, सगळा नशिबाचा भाग, त्यामुळे पहिल्यांदा येणाराही जिंकू शकतो. आम्ही खरे पैसे लावून खेळतो, त्यानं रंगत वाढते. दर शनिवारी, वर्षभर, दोन वर्षांत एकही खाडा नाही. सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

पुस्तिका सगळ्यांनी हातात घेतली, फोटो बघितले, ‘वा वा’ केलं. अर्ज गेला. मी अनुदानाची वाट बघत बसलो.

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. खोलीत आम्ही आठ-नऊ जण होतो, टेबलावर नोटा होत्या, कुणीतरी चकल्या आणल्या होत्या. दारावर टकटक झाली आणि दोन पोलीस आत आले, एक बाई आणि एक तरुण. त्यांच्याबरोबर नगरपालिकेच्या ऑर्डनुंग्सआम्टचा, म्हणजे सार्वजनिक शिस्त सांभाळणाऱ्या खात्याचा एक माणूस होता. त्याच्या हातात माझी पुस्तिका. सहाव्या पानाशी बोट घालून धरलेली.

आवाज चढला नाही, धक्काबुक्की नाही, काही नाही. काकांना तर आधी वाटलं की पुस्तिका वाचून पाहुणे आलेत. त्यांनी खुर्च्या सरकवल्या! त्या पोलीसबाईंना चकली खा म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. पत्ते, पैसे आणि एक पुस्तिका पिशवीत भरून त्यांनी पावती दिली. पावतीवर सही चिटणिसाची.

वकिलाच्या कचेरीत आम्ही चौघं गेलो, तिघे पदाधिकारी आणि काका. वकील साठीचे, शांत. त्यांनी पुस्तिकेचं सहावं पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘इतकी वर्षं वकिली करतोय,’ ते म्हणाले, ‘पण आरोपींनी स्वतःच आरोपपत्र रंगीत छापून सरकारला पाठवलंय, हे पहिल्यांदा बघतोय.’

मग त्यांनी समजावलं. कौशल्याचा खेळ असता तर गोष्ट वेगळी होती. चार मित्र कधीमधी घरी बसले असते तर गोष्ट वेगळी होती. पण नशिबाचा खेळ, पैसे लावून, आणि नियमितपणे, सवयीनं चालवलेला, तर तो बंद दारामागच्या क्लबात असला तरी कायद्याच्या दृष्टीनं तो सार्वजनिक जुगारच. आमचं तर दारही बंद नव्हतं. मी लिहिलेलं एकेक वाक्य म्हणजे गुन्ह्याची एकेक अट होती. ‘एकही खाडा नाही’ हे वाक्य लिहिताना मला केवढा अभिमान वाटला होता! नियमितपणा हाच गुन्हा असू शकतो, हे आमच्यासारख्यांच्या डोक्यात येणार तरी कसं? आम्हाला लहानपणापासून तेवढंच तर शिकवलेलं.

‘चौकशी तिन्ही पदाधिकाऱ्यांवर आहे,’ वकील म्हणाले. ‘पण प्रश्न असा येणार, की हा खेळ प्रत्यक्षात भरवत कोण होतं? हे कुणी लिहिलं?’

आता मला एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या वेळी माझा जर्मन नागरिकत्वाचा अर्ज शेवटच्या टप्प्यात होता. कंपनी मला अमेरिकेतल्या कामावर घेणार होती आणि भारतीय पासपोर्टवर व्हिसाच्या चकरा मारून मी वैतागलो होतो. फौजदारी चौकशी चालू असली की अर्ज तिथल्या तिथं थांबतो. शिक्षा झाली तर पुढं काय, ते कचेरी ठरवणार. हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं, कारण अर्जाचे कागद मी त्यांच्याच टेबलावर बसून भरले होते.

हे कुणी लिहिलं? साधा प्रश्न. उत्तर एका शब्दाचं. अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघितलं, खजिनदारांनी बुटांकडे. माझी दातखीळ बसली. बसली म्हणजे काय, मी बसवली.

‘मी लिहिलं,’ काका म्हणाले. ‘खेळही माझाच. माझ्यासाठीच सुरू केलेला. ही पोरं नुसती माझ्याबरोबर बसायची.’

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं चार-पाच सेकंद बघितलं. निवृत्त फिटर असलं फुलाफुलांचं जर्मन लिहीत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे. मग ते ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये मी काकांचा हात धरला. ‘काका, हे नको.’

‘अरे, तुझी फाइल अडकेल. माझं काय अडकणार आहे? मला कुठं जायचंय?’

‘नको’ असं मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं, अशी मला भीती वाटली. हे लिहितानासुद्धा माझी मला किळस येते, पण खरं आहे ते हेच.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. ‘आणि तुम्ही मूग गिळून बसलात?’ मी तिच्यावरच ओरडलो. तुला काय कळतं, मुलांच्या भवितव्याचा प्रश्न आहे, वगैरे. मला आवाज चढवायला नेहमीच घरी जमतं. त्यानंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

आम्हा तिघांवरची चौकशी बंद झाली. काकांना कोर्टात जावं लागलं नाही. पोस्टानं हुकूम आला, जुगार भरवल्याबद्दल दंड. तो त्यांनी भरला आणि आम्ही वाटून घेऊ म्हणालो तर हाकलून लावलं. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण खोली नगरपालिकेची होती. त्यांचं पत्र आलं. खोली पुढेही हवी असेल तर ज्याला शिक्षा झाली आहे त्या व्यक्तीला तिथं प्रवेश देणार नाही, अशी लेखी हमी मंडळानं द्यावी. आम्ही कार्यकारिणीची बैठक घेतली. गणपती कुठं बसवणार? मुलांचे मराठीचे वर्ग कुठं घेणार? सगळे प्रश्न रास्त होते. दुसरी खोली बघू या, असं कुणीच म्हटलं नाही. काकांना द्यायचं प्रवेशबंदीचं पत्र लिहायचं ठरलं. लिहिणार कोण? चिटणीस.

आणि मी ते लिहिलं. फार छान लिहिलं. पोस्टात टाकायला जीव धजेना म्हणून स्वतः घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं, नीट घडी घातली.

‘मसुदा कडक झालाय,’ म्हणाले. मग जरा वेळानं, ‘गणपतीला पण नाही?’

‘वर्षभर तरी नको काका. वर्षभरानं आपण ठराव करून मागे घेऊ.’

‘हो हो. घाई नाही.’

वर्षभरानं तो विषय बैठकीच्या पत्रिकेवर घेणं माझं काम होतं. मी घेतला नाही. घेतला असता तर चर्चा झाली असती, चर्चेत कुणीतरी पुस्तिकेचं नाव काढलं असतं. दुसऱ्या वर्षीही घेतला नाही. मग नवे लोक आले, नवी कार्यकारिणी आली, आणि त्यांना हा विषय माहीतच नव्हता.

कुणी म्हणेल, खोली गेली तर गेली, घरी बसून खेळायला काय झालं होतं? वकील म्हणाले होते, काही महिने पत्त्यांना हात लावू नका. ते काही महिने आम्ही पाळले. त्यानंतर शनिवारची सवय मोडलेली होती. कुणाचा बाजार, कुणाच्या मुलांचे वाढदिवस, कुणाचं नवं घर. काकांचा शुक्रवारचा फोन सुरुवातीला यायचा. ‘काय सेक्रेटरी, बरं आहे ना?’ एवढंच विचारायचे. उद्या आहे का, असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी त्यांच्याकडे आधी महिन्यातून एकदा जायचो, मग सणाला, मग दिवाळीच्या दिवशी फराळाचा डबा देऊन उभ्या उभ्या परत. त्यांच्यासमोर बसवायचंच नाही मला. माझं नागरिकत्व झालं तेव्हा मी बर्फी घेऊन गेलो होतो. त्यांना मनापासून आनंद झाला. ‘आता मतदान चुकवायचं नाही हं,’ म्हणाले. अंगावर पायजमा होता. दुपारचे दोन-तीन वाजले असतील.

त्यानंतर तीन-साडेतीन वर्षांनी ते झोपेतच गेले. दोन दिवसांनी शेजाऱ्यांनी मुलीला कळवलं. अंत्यविधीला मंडळाचे आम्ही बरेच जण गेलो, हार घेऊन. मुलीनं आमच्याशी हात मिळवला आणि वळली. मला वाटलं, दुःखात आहे.

पंधराएक दिवसांनी तिचाच फोन आला. घर रिकामं करतेय, मराठीतली जुनी पत्रं सापडली आहेत, बघायला याल का? मी गेलो. खोक्यांच्या मधोमध ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती. मला तिनं कॉफी दिली. पत्रांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि एक सरकारी कागद माझ्यापुढे सरकवला. दंडाचा हुकूम.

‘हे मी तेव्हाच बघितलं होतं,’ ती म्हणाली. ‘पिवळ्या पाकिटातून आलं, त्या दिवशी मी इथंच होते. मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझा नवरा म्हणाला, आई गेल्यावर माणसं अशी वाहवत जातात. तुम्ही त्यांच्याबरोबर असायचात. मला खरं सांगा. ते जुगारी होते का? फार हरायचे का?’

एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न सरळ कुणी विचारला नव्हता. या वेळी मी गप्प बसलो नाही. सगळं सांगितलं. पायजम्यातला तो बुधवार सांगितला, चिवडा सांगितला, पुस्तिका मी लिहिली ते सांगितलं, माझी फाइल सांगितली, वकिलाच्या कचेरीतलं ते ‘मी लिहिलं’ सांगितलं. जर्मनमध्ये सांगितलं, म्हणजे तिला एक शब्दही चुकीचा समजायला नको. तिनं मला शिव्या द्याव्यात अशी माझी इच्छा होती. तिनं दिल्या नाहीत. कॉफीला कुणीच हात लावला नाही.

‘हा हुकूम आल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला फोन केला होता,’ ती शेवटी म्हणाली. ‘माझे शनिवार आता मोकळे झालेत, दुपारी मुलांना पाठवतेस का माझ्याकडे, म्हणाले. जुगाऱ्याच्या घरी मुलांना एकटं कसं पाठवायचं, असं वाटलं मला. म्हणून सांगितलं, मुलांना शनिवारी पोहण्याचा क्लास असतो. पुढच्या शनिवारीही विचारलं त्यांनी. त्याच्या पुढच्याही. मग विचारायचे थांबले.’

तिनं कागदाची घडी घातली.

‘पोहण्याचा क्लास नव्हता.’